अंगणातली कुंती आणि वरुडची संत्री



वानवळा पाठवणं ही आपली बायकांची जुनी खोड. शेवग्याला शेंगा लागल्या की चार जुड्या शेजारी जातात, लोणचं मुरलं की वाटीभर वहिनींकडे पोचतं, आणि कुंडीत एखादं रोप उगवलं की तेही कुणाच्या तरी पिशवीत जातं. रोप देताना तर मनात शंकासुद्धा येत नाही. झाड देणं म्हणजे पुण्यच की! यंदा मात्र असाच एक वानवळा पाठवता पाठवता माझा हात थांबला. तो का थांबला, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

दिवाळीत माझी मावसबहीण चार दिवस आमच्याकडे राहून गेली. तिला वरुडकडे दिलंय. घरची संत्र्याची बाग आहे. फार मोठी नाही, पण मुलांची फी, सासऱ्यांची औषधं, नणंदेचं बाळंतपण, सगळं त्या बागेवरच. संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो, तर कुंतीचा असा घमघमाट सुटला होता म्हणता! ही कुंती सासूबाईंनी लग्न होऊन या घरात आल्या त्या वर्षी लावलेली. बहीण म्हणाली, "ताई, मला याची चार रोपं करून दे ना. विहिरीपासून घरापर्यंत कुंपणच करते."

कुंतीची लालचुटूक फळं पिकली होतीच. बिया काढून चार पिशव्यांत लावल्या. मृगाचा पाऊस पडला की पाठवायच्या, असं ठरलं. रोपं वीतभर झाली आणि त्याच सुमारास आमच्या कागदी लिंबाचे कोवळे शेंडे वाकडेतिकडे होऊ लागले. चष्मा लावून पाहिलं, तर शेंड्यांवर तीळभर लांबीचे करडे किडे. डोकं पानाला टेकवलेलं आणि शेपूट वर, जणू ओळीनं नमस्काराला वाकलेत! त्यांच्याशेजारी पिवळट, चपटी पिल्लं आणि पांढऱ्या मेणाच्या वळ्या. कुंतीवर पाहिलं, तिथंही तेच. आणि वरुडला जायच्या चार रोपांवरही तेच!

ओळखीचे एक सर कृषी महाविद्यालयात शिकवतात. त्यांना डहाळी नेऊन दाखवली. ते म्हणाले, "ही सायला. सिट्रस सायला. ही रोपं कुठं पाठवणार होता म्हणालात? संत्र्याच्या बागेत? बाई, त्यापेक्षा काडेपेटी पाठवा!"

मी घरी आले ती त्यांच्याकडून दोन पुस्तकं घेऊनच.

वास म्हणजे पत्ता

आधी एक गंमत करून पाहा. कढीपत्त्याचं, लिंबाचं किंवा बेलाचं पान उजेडासमोर धरा. पानभर सुईनं टोचल्यासारखे चमकणारे ठिपके दिसतील. या तेलाच्या पिशव्या. पान चुरगळलं की त्या फुटतात आणि वास येतो. शाळेत मुलींना हे दाखवलं, तर सगळा वर्ग खिडकीशी जमला! लिंबू, संत्रं, मोसंबी, महाळुंग, बेल, कवठ, कढीपत्ता आणि कुंती ही सगळी एकाच कुळातली भावंडं. चेहरे वेगळे, पण घराण्याचा वास तोच.

हा वास झाडानं आपल्या फोडणीसाठी केलेला नाही, बरं का. झाडाला पाय नाहीत. किडा आला तर ते पळून जाऊ शकत नाही, म्हणून ते आपल्या पानांत आणि सालीत उग्र तेलं भरून ठेवतं. बहुतेक किड्यांना ती सोसत नाहीत आणि ते दूर राहतात. पण काही थोड्या किड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच झाड खाऊन ती तेलं पचवायची कला साधली आहे. त्यांना तोच वास घराच्या पाटीसारखा उपयोगी पडतो. सुक्या बोंबलाचंच पाहा ना. ज्यांच्या घरात तो शिजत नाही, ते नाकाला पदर लावून पुढं जातात. ज्यांना सवय आहे, ते वासावरून बरोबर स्वयंपाकघरात येतात आणि विचारतात, "आज काय बेत?"

संत्र्याच्या सालीत लिमोनिन नावाचं तेल सगळ्यांत जास्त असतं. स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी सालीत लिमोनिन फारच कमी तयार होईल अशी संत्र्याची झाडं मुद्दाम तयार केली. २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केलं, की त्या संत्र्यांकडे तिकडच्या फळमाशीचे नर पुष्कळच कमी ओढले गेले. फळ तेच, पण दारावरची पाटी पुसट झाली आणि पाहुणे चुकले!

लिंबावरचं काळं-पिवळं फुलपाखरू तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल. तेही झाड हुंगत येतं आणि पानावर बसून पुढच्या पायांनी टपटप करतं. त्याला पायांनी चव कळते! पान योग्य कुळातलं आहे अशी खात्री पटली, की कोवळ्या पानावर एकेक अंडं घालून ते पुढं जातं. त्याची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून आपलीही नजर फसते. मोठी झाली की हिरवीगार होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून तांबूस रंगाची दुभागलेली शिंगं बाहेर काढते आणि तिचाही उग्र वास येतो. झाडाच्या वासानं आलेल्या पाहुणीनं स्वतःचा वास करून शत्रूला हाकलायचं, पाहा कशी रीत!

मलमाचा वास

फुलपाखराच्या अळ्या पानं खातात, पण वेचून काढता येतात. झाड पुन्हा फुटतं. सायलाची गोष्ट तशी नाही.

सायला अंडी घालते ती फक्त अगदी कोवळ्या पालवीवर. विदर्भातले बागायतदार या पालवीला नवती म्हणतात. एक मादी आयुष्यात कित्येक शे अंडी घालू शकते. नवती फुटली हे तिला कोवळ्या पानांच्या वासावरून आणि त्यांच्या पोपटी-पिवळ्या रंगावरून समजतं. कुंतीला पालवी पुनःपुन्हा येते, शिवाय आपण कुंपण कातरत राहतो, आणि जितकं कातरावं तितकी नवी पालवी. म्हणून कुंती म्हणजे सायलाचं आवडतं माहेर. लिंबा-संत्र्याला नवती नसते तेव्हा ती कुंतीवर मुक्काम करते, आणि बागेत नवती आली की तिकडं उडते. कढीपत्त्यावरही ती चांगली नांदते.

नुसता रस शोषून गेली असती तरी चाललं असतं. पण ती जाताना रोग पेरते. या रोगाला सिट्रस ग्रीनिंग म्हणतात. तो एका सूक्ष्म जंतूमुळं होतो. हा जंतू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि रोगट झाडाचा रस पिऊन वाढलेली सायला तो पुढच्या झाडाला देते. आपल्या देशात हा रोग सायला पसरवते, हे कपूर, राव आणि विश्वनाथ या भारतीय शास्त्रज्ञांनी १९६७ साली दाखवून दिलं. रोगट झाडाची पानं डागाडागांनी पिवळी पडतात, फळं लहान आणि वाकडी राहतात, खालच्या टोकाला हिरवीच राहतात, चव कडवट लागते, बिया काळ्या आणि पोचट निघतात. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला महिने, कधी वर्षंही जातात. आणि एकदा लागलेला रोग झाडातून समूळ घालवणारं औषध आजही नाही.

आता वासाची खरी करामत ऐका. फ्लोरिडा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केलं, की रोग लागलेलं झाड मिथाईल सॅलिसिलेट नावाचा वास जास्त सोडतं. नाव परकं वाटलं तरी वास आपल्या ओळखीचा आहे. पाय मुरगळला की जे मलम चोळतो, त्याचा तो झणझणीत वास याच द्रव्याचा! तर या वासानं निरोगी सायला रोगट झाडाकडे ओढल्या जातात. तिथं रस पितात, पण रोगट झाडाच्या रसात कस नसतो. पोट भरत नाही म्हणून त्या उठतात आणि शेजारच्या निरोगी झाडावर जातात, जाताना जंतू घेऊन! म्हणजे झाडाचं दुखणं स्वतःच आमंत्रण धाडतं, पाहुण्यांना अर्धपोटी उठवतं आणि पुढच्या घरी पाठवून देतं. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

याचा परिणाम किती मोठा होतो ते अमेरिकेतल्या फ्लोरिडानं भोगलं आहे. सायला तिथं १९९८ साली सापडली आणि रोग २००५ साली. २००३-०४ च्या हंगामात तिथं संत्र्यांच्या २४ कोटींच्या आसपास पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये त्या १ कोटी ६० लाखांच्या आसपास उरल्या. वादळांचाही त्यात हात होता, पण झाडं आधीच या रोगानं खंगलेली होती. आणि सायला तिथं गावोगाव पोचली कशी? कुंड्यांतल्या कुंतीच्या रोपांवरून! रोपवाटिकांतून लोकांनी हौसेनं कुंती विकत नेली आणि तिच्याबरोबर सायलाही गेली. २००१ साली ती फ्लोरिडातून टेक्ससला पोचली, तीही अशाच कुंतीच्या रोपांवर बसून.

माझ्या चार पिशव्या डोळ्यांपुढं आल्या. आपल्याकडे सायला नवी नाही, वरुडच्या बागांनाही ती माहीत आहे. म्हणून काय आपण आपल्या हातानं तिची पोरं धाडायची? आणि विहिरीपासून घरापर्यंत तिला बारमाही राहायला कुंपण बांधून द्यायचं?

रात्रीचे पाहुणे

संत्र्याच्या बागेला वासाचा आणखी एक जाच आहे. फळ पिकायला लागलं, की त्याचा गोड वास रात्री दूरवर जातो आणि मोठे पतंग येतात. त्यांची सोंड इतकी कडक असते की ती सालीतून आत घुसते. रस पिऊन पतंग उडून जातो, पण त्या भोकातून बुरशी शिरते, फळ सडतं आणि गळून पडतं. म्हणून बागायतदार पिकत्या फळांच्या दिवसांत संध्याकाळी बागेत धूर करतात. धुराच्या वासात फळाचा वास हरवतो.

या पतंगांच्या अळ्या मात्र संत्र्यावर वाढत नाहीत. त्या वाढतात गुळवेल आणि वासनवेल यांच्यावर. २०२० साली करोनाच्या दिवसांत काढ्यासाठी आपण घरोघरी गुळवेल लावली होती, आठवतं? शहरात त्यानं काही बिघडत नाही. पण बागेच्या बांधावर ती वाढू देऊ नका, असं कृषितज्ज्ञ सांगतात ते यासाठी.

वासावर येणारी मदत

सगळंच वाईट आहे असं नाही हं. किड्यानं कुरतडलेलं झाड जो वास सोडतं, तो किड्याच्या शत्रूलाही पोचतो. टॅमेरिक्सिया नावाची एक इवलीशी गांधीलमाशी आहे, मुंगीहूनही लहान. माणसाला ती चावत नाही. ती सायलाच्या पिल्लाच्या पोटाखाली अंडं घालते आणि तिची अळी ते पिल्लू खाऊन टाकते. मलमाचा तो वास या माशीलाही ओढून आणतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे झाडाची हाक दोघांनाही ऐकू जाते, चोराला आणि पोलिसालाही!

पण इथं मध्येच मुंग्या येतात. सायलाच्या पिल्लांनी टाकलेला गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो. त्यासाठी त्या पिल्लांवर पहारा करतात आणि माशीला जवळ येऊ देत नाहीत. लिंबावर मुंग्यांची रांग दिसली, तर ती कशासाठी चढते आहे ते आधी पाहा.

मग करायचं काय?

घरात एखादं लिंबाचं झाड किंवा कढीपत्त्याची कुंडी असलेल्या मैत्रिणींसाठी माझ्या वहीतलं हे थोडं:

१. आठवड्यातून एकदा कोवळे शेंडे पानं उलटून पाहा. फुलपाखराच्या अळ्या हातानं वेचा. सायलाची पिल्लं भरलेला शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा, नुसता खाली टाकू नका.

२. १ लिटर कोमट पाण्यात थोडा साबणचुरा विरघळवा. त्यात चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, निंबोळी तेल घालून चांगलं घुसळा. ऊन उतरल्यावर पालवीवर, पानांच्या खालूनही फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. झाड फुलावर असेल तर थांबा, मधमाश्या येत असतात. फवारलेला कढीपत्ता लगेच फोडणीत घालू नका. काही दिवस जाऊ द्या आणि स्वच्छ धुऊन घ्या.

३. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासून फांदीला टांगा. सायला त्या रंगावर येऊन चिकटते. त्यानं तिचा नायनाट होणार नाही, पण ती आली की नाही हे तरी समजेल.

४. युरियाचा मारा करू नका, सारखं कातरूही नका. दोन्हींनी कोवळी पालवी वाढते आणि पाहुण्यांना बोलावणं जातं.

५. खोडाला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलिनचा थर द्या, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. जमिनीला किंवा भिंतीला टेकलेली फांदी मात्र आधी कापा, नाहीतर त्या तिकडून येतील.

६. पान पिवळं दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. जस्त कमी पडलं तर पान शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखंच पिवळं पडतं. ग्रीनिंगचे डाग एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरेच, असे विस्कटलेले असतात. शंका आली तर डहाळी पिशवीत बंद करून जाणकाराला दाखवा.

७. लिंबा-संत्र्याचं कलम खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था रोगमुक्त कलमं तयार करते. रस्त्याकडेच्या स्वस्त रोपानं वाचवलेले पैसे पुढं फार महाग पडतात.

८. आणि सगळ्यांत महत्त्वाचं! बागायती भागात कुंती, कढीपत्ता, लिंबू यांची रोपं किंवा डहाळ्या वानवळा म्हणून नेऊ नका. धुऊन, निवडून नेलेला फोडणीचा पाला वेगळा आणि जिवंत रोप वेगळं.

कुणी विचारील, एका वासानं दुसरा वास झाकता येणार नाही का? प्रयत्न झाले आहेत. व्हिएतनाममध्ये संत्र्यात पेरू लावलेल्या बागांत सायला कमी दिसली. पेरूचं पान चुरगळलं की कांदा-लसणाच्या जातीचा एक गंधकाचा वास निघतो, तो सायलाला नकोसा होतो. पण फ्लोरिडात असा पेरू लावून पाहिला, तेव्हा तसा भरवशाचा गुण आला नाही. तेव्हा लिंबाशेजारी पेरू लावायचा तर पेरू खायला मिळतील म्हणून लावा, राखणदार म्हणून नको.

आता माझ्या चार पिशव्यांचं काय झालं ते सांगते. बहिणीला फोन करायला मला दोन दिवस धीर होत नव्हता. सहा-सात महिने तिनं प्रत्येक फोनवर "माझी कुंती किती झाली गं?" असं विचारलेलं! शेवटी सांगितलं. ती गप्पच झाली. मग म्हणाली, "ताई, यांनी विहिरीजवळची जुनी कुंती मागच्या साली उपटली, तेव्हा मी तीन दिवस बोलले नव्हते गं त्यांच्याशी. मला वाटलं, माझ्या हौसेला नाही म्हणतात." पलीकडून तिचे यजमान काहीतरी म्हणाले आणि दोघंही हसली. माझा जीव भांड्यात पडला.

रोपं साबणाच्या पाण्यात बुडवून, पिशवीत घट्ट बांधून मी नष्ट केली. अंगणातली मोठी कुंती काढायचा विषय निघाला, तेव्हा सासूबाईंकडे पाहायचं मला धाडस झालं नाही. त्याच म्हणाल्या, "इथं जवळपास बाग असती तर मीच काढ म्हटलं असतं. त्यांचं पोट आहे ते. आपली नुसती हौस." आमच्या आसपास मैलोगणती संत्र्याचं झाड नाही, म्हणून कुंती राहिली. पण आता तिची रोपं कुणाला मिळत नाहीत, कात्रीही तिला क्वचितच लागते, आणि दर रविवारी मी चष्मा लावून तिचे शेंडे पाहते.

बहिणीला मी पारिजातकाच्या बिया पाठवल्या आहेत, पुडीत बांधून. पारिजातक लिंबाच्या कुळातला नाही, सायलाला त्यात काही गम्य नाही. विहिरीजवळ सकाळी सडा पडेल आणि वासही येईल.

तुमच्याही पिशवीत कुणासाठी एखादं रोप तयार असेल, तर देण्याआधी पान उजेडासमोर धरून पाहा. ठिपके चमकले, तर ते कुणाच्या दारी जाणार आहे तेवढं विचारून घ्या.